ओट्याखालच्या कपाटात ग्राइंडर, वर मायक्रोवेव्ह... कपाटं एवढं वजन धरतील का?

चिंचवडकर_मी
नमस्कार मंडळी, रिसेल फ्लॅट घेतलाय आणि किचन नव्याने करतोय. ओटा ग्रॅनाईटचा आहे, खाली कडप्प्याचे उभे सपोर्ट आहेत. जड सामान म्हणजे घरघंटी, २ लिटरचा टिल्टिंग ग्राइंडर आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. आईला ग्राइंडर खालून उचलून ओट्यावर ठेवणं आता जमत नाही, म्हणून तो बाहेर ओढून तिथेच वापरता येईल असा सरकता शेल्फ हवाय. मॉड्युलरवाल्याचं कोटेशन पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आहे, सुताराचं मरीन प्लायचं (पाण्याला टिकणारा प्लाय), बरंच महाग. मॉड्युलरवाला म्हणतो कडप्पे काढून टाकू म्हणजे जागा वाढेल आणि मायक्रोवेव्ह वरच्या कपाटात बसवू. काय करावं?

सुतारकाम_नाशिक
दादा, कडप्पे अजिबात काढू नका. ग्रॅनाईटचं वजन त्यांच्यावरच आहे, ते काढले की ते सगळं कपाटाच्या बाजूंवर येणार आणि पार्टिकल बोर्ड ते काम करायला बनलेलाच नाही. त्यात सिंकखाली जरा गळती झाली की तो फुगतो आणि एकदा फुगला की स्क्रू परत धरत नाही. अख्ख्या किचनला मरीन प्लाय परवडत नसेल तर निदान सिंकचं कपाट आणि जड सामानाची कपाटं तरी १८ एमएम मरीनमध्ये करून घ्या, बाकी ठिकाणी बोर्ड चालून जाईल. प्लायवर आयएसआय मार्कसोबत ७१० नंबर छापलेला असतो तो स्वतः बघा, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. या ग्रेडला ७२ तास उकळत्या पाण्याची टेस्ट असते.

शेल्फचं म्हणाल तर जाडीपेक्षा गाळ्याची लांबी जास्त महत्त्वाची. ३ फुटी शेल्फच्या मधोमध मायक्रोवेव्ह ठेवला तर काही महिन्यांत झोल दिसायला लागतो. मधे उभं पार्टिशन टाकून दीड फुटाचे दोन गाळे केले तर तेवढ्याच वजनाला झोल आठ पटीने कमी होतो. पार्टिशन नको असेल तर १८ एमएमचे दोन प्लाय ग्लू लावून आणि स्क्रू मारून एक करा, त्यानेही जवळपास तेवढाच फरक पडतो. पुढच्या कडेला खालून दीड-दोन इंची सागाची पट्टी उभी मारा. आणि जड वस्तूचा शेल्फ पिनांवर ठेवू नका, दोन्ही बाजूंना आणि मागे आधाराच्या पट्ट्या मारून त्यावर बसवा.

अन्नपूर्णा_डोंबिवली
घरघंटी कपाटात घालायच्या फंदात पडू नका, ४० किलोच्या आसपास वजन असतं आणि वर हादरे. ती जमिनीवरच, तिच्या चाकांवर राहू दे, ओट्याखालचा एक गाळा तळाशिवाय मोकळा सोडा म्हणजे आत सरकवता येते आणि पीठ सांडलं तर लगेच पुसताही येतं. मायक्रोवेव्ह वर नको हो! उकळतं दूध खांद्याच्या वरून काढायचं म्हणजे भाजायची भीती, आणि तुमच्या आईंना तर अजिबात नको. जमिनीपर्यंत जाणारं उभं कपाट करा, त्यात छातीच्या उंचीला ठेवा. मागे-वर किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं तेवढी सोडाच, आणि त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आत्ताच काढून घ्या, टाइल्स लागल्यावर भिंत फोडावी लागते.

चिंचवडकर_मी
खूप मदत झाली. वरची कपाटं म्हणजे फक्त डबे आणि ताटं-वाट्या ठेवायला होतील मग. पण सरकत्या शेल्फचं काय? मॉड्युलरवाला म्हणतो ४५ किलो पेलणारे टेलिस्कोपिक चॅनल (शेल्फ बाहेर ओढायच्या सरकत्या धातूच्या पट्ट्या) लावू, ग्राइंडर तर पंधरा-सोळाच किलोचा आहे.

सुतारकाम_नाशिक
४५ किलो हा आकडा ड्रॉवरमध्ये वजन सारखं पसरलेलं आणि शांत उभं असतं तेव्हाचा. तुमचा ग्राइंडर पूर्ण बाहेर ओढलेला असणार, त्यात डाळ-तांदूळ आणि पाणी, आणि वर अर्धा तास दगड फिरतोय. त्या हादऱ्यांनी आधी चॅनलचे स्क्रू सैल होतात, मग शेल्फ पुढे कलतो. चॅनल फक्त ठेवायला-काढायला वापरा, चालवायला नाही. माझं मत विचाराल तर फॅब्रिकेटरकडून १ इंची चौकोनी पाइपची ट्रॉली बनवून घ्या, लॉकवाली चार चाकं, वर प्लायचा तुकडा. ओट्याखालून बाहेर ओढायची, चाकं लॉक करायची, आईंनी खुर्चीवर बसून वाटायचं. सगळं वजन थेट फरशीवर, कपाटावर काहीच नाही. खर्चही चांगल्या हेवी चॅनलपेक्षा फार नाही होणार.

वरच्या कपाटांचंही बघा. भिंतीला ड्रिल मारल्यावर लाल भुगा आला तर वीट आहे, करडा-पांढरा हलका भुगा आला तर एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ब्लॉक). ब्लॉक असेल तर साधा प्लास्टिक गट्टू चालत नाही, ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का बसवायचा बोल्ट) लागतो, आणि भोक हॅमर मोड बंद करून पाडायचं, नाहीतर ते मोठं होतं. सुताराला हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.

अन्नपूर्णा_डोंबिवली
ट्रॉलीची उंची आईंना खुर्चीवर बसवून, त्यांच्या हाताने मापून घ्या बरं का, मगच फॅब्रिकेटरला माप द्या.