धबधब्यासाठी अख्खा दिवस काढलाय, तो नीट कसा घालवायचा?

पायवाट
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात एका धबधब्याला जायचं ठरलंय, मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. मागच्या वेळी असंच एका ठिकाणी गेलो होतो, चार तास गाडीत बसून पोचलो, पार्किंगपासून चालत पॉइंटवर, रेलिंगला टेकून फोटो काढले आणि पाऊण तासात परत गाडीत. घरी येऊन फोटो बघताना लक्षात आलं की पाण्याचा आवाज कसा होता हेसुद्धा मला आठवत नाहीये, आणि त्याचं खरंच वाईट वाटलं. म्हणून यावेळी पूर्ण दिवस फक्त त्यासाठी ठेवलाय.

तर पोचायचं किती वाजता, उभं कुठे राहायचं? इंद्रधनुष्य दिसतं म्हणतात, आम्हाला अजिबात दिसलं नव्हतं, ते नशिबावर असतं की वेळेवर? आजूबाजूला नदी आहे, शेतं आहेत, टेकड्या आहेत, त्यात नेमकं काय बघायचं? लेकीला पाण्यात उतरायचंय, आत्तापासूनच मागे लागलीये. आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या उतरून डोहापर्यंत जाणं त्यांना जमणार नाही, पण त्यांना गाडीत बसवून आम्ही मजा करायची हे मला नको आहे.

कातळ
इंद्रधनुष्याचं आधी सांगतो कारण ते पूर्णपणे वेळेवर आणि जागेवर असतं. सूर्य तुमच्या पाठीशी हवा आणि तुषार समोर. आपल्या डोक्याची सावली ज्या दिशेला पडते तिच्याभोवती साधारण ४२ अंशांवर ती कमान असते, त्यामुळे सूर्य जसा वर चढतो तशी कमान खाली खाली जाते. सपाटीवरून वर धबधब्याकडे बघत असाल आणि सूर्य ४२ अंशांच्या वर गेलेला असेल तर कमान तुमच्या नजरेच्या पार खाली गेलेली असते, भर दुपारी रेलिंगपाशी बहुतेकांना काही दिसत नाही ते यामुळेच. पण वरच्या कड्यावरून खाली घळीतल्या तुषारांकडे बघत असाल तर सूर्य वर असतानाही दिसतं, आणि कधीकधी अर्ध्या कमानीपेक्षा बरंच जास्त दिसतं. नकाशावर बघून घ्या, धबधब्याचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी लवकर जा, पश्चिमेला असेल तर ऊन कललं की. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर व्हिक्टोरिया धबधबा आहे तिथे पौर्णिमेच्या आसपास चांदण्यातसुद्धा धनुष्य दिसतं, गणित तेच, सूर्याच्या जागी चंद्र.

आता उभं कुठे राहायचं. माझं म्हणणं, सगळ्यात आधी जवळ जाऊच नका. लांब एखादी उंच जागा शोधा जिथून वरची नदी, कडा, खालची घळ असं सगळं एका नजरेत येतं. बऱ्याच धबधब्यांत वरचा थर कठीण दगडाचा असतो आणि त्याच्या खालचा ठिसूळ. पाणी खालचा थर पोखरत जातं, वरचा कडा अधांतरी राहतो, एक दिवस त्याचा तुकडा कोसळतो आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. नायगारा असा साधारण १२,००० वर्षांत जवळपास ११ किलोमीटर मागे गेलाय. म्हणजे अशा ठिकाणी धबधब्याच्या खालच्या बाजूला जी अरुंद घळ दिसते ना, ती त्याने स्वतः चालून आलेली वाट आहे. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या दगडधोंड्यांकडे बघायची नजरच बदलते, तो प्रत्येक मोठा दगड कधीतरी वरच्या कड्याचा भाग होता. सगळेच धबधबे असे नसतात, अमेरिकेतला योसेमिटी हिमनदीने दरी खोल कापली म्हणून वरचा ओढा अधांतरी राहून झालाय, पण दगड वाचायला सुरुवात केली की आपला कुठल्या जातीचा ते हळूहळू कळतं.

आणि नदीच्या कातळात गोल गुळगुळीत रांजणखळगे दिसले तर लेकीला नक्की दाखवा. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून फिरून ते कोरतात, कोरड्या खळग्याच्या तळाशी कधीकधी तेच गोटे पडलेले सापडतात.

झुळूक
पाण्यात उतरण्याबद्दल मला लिहायचंय आणि थोडं लांबेल, कृपया पूर्ण वाचा.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजण एका धबधब्याखालच्या ओढ्यात पाय सोडून बसलो होतो. डोक्यावर लख्ख ऊन. बोलता बोलता माझ्या भावाचं लक्ष गेलं की मघाशी तळ दिसत होता आणि आता पाणी चहासारखं झालंय, त्यात काटक्या आणि पाला वाहत येतोय. त्याने कोणाला काही विचारलं नाही, सरळ ओरडला उठा, आणि चपला पिशव्या तिथेच टाकून आम्ही वर चढलो. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील, आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला होता. पाऊस आमच्याकडे पडलाच नव्हता, तो वर डोंगरात कुठेतरी पडला होता. आजही लिहिताना हात थंड पडतात.

म्हणून सांगते, आपल्या डोक्यावरचं आकाश बघून ठरवू नका, नदी जिथून येते तिकडचं आकाश बघा, आणि आदल्या दिवशीचा वरच्या भागातला पाऊससुद्धा. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा यायला लागणं, आवाज एकदम जड होणं, यातलं एकही दिसलं की सामान सोडून वर निघायचं. वर धरण असेल तर ऊन असतानाही पाणी सोडतात, तिथला भोंगा आणि बोर्ड काय सांगतो ते आधीच विचारून घ्या.

धबधबा जिथे आदळतो तो डोह तर पूर्णपणे सोडा. पांढरं फेसाळ पाणी म्हणजे अर्धी हवा असते, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, आणि आदळणारं पाणी खालून फिरून परत धबधब्याकडेच ओढतं, चांगले पोहणारेसुद्धा त्यातून सुटत नाहीत. वरून दगड आणि ओंडके येतात ते वेगळंच. लेकीला पाण्यात खेळवायचंच असेल तर बरंच खाली जा जिथे पात्र पसरट होतं, पाणी घोट्याच्या वर जात नाही, तळ दिसतो आणि बाहेर पडायला दोन्ही काठांना सोपी जागा आहे. तिथेही मोठ्या माणसाने तिच्या खालच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे पाय घसरला तरी ती तुमच्याकडेच येते.

आणि कड्याच्या टोकाचा ओला कातळ. काळा दिसतो तो भाग बहुतेक शेवाळ्याचा असतो, बुटांच्या तळव्यावर भरवसा ठेवू नका. फोटोसाठी एक पाऊल मागे घेणं तिथे चालत नाही. रेलिंगच्या पलीकडे कोणी गेलेलं दिसलं तरी आपण जायचं नाही.

पायवाट
झुळूकताई, वाचून अंगावर काटा आला. लेकीला डोहात नेणार नाही हे पक्कं. पण सासूबाईंसाठी काही सुचतंय का कोणाला? वर एक पॉइंट आहे म्हणतात, तिथपर्यंत सपाट रस्ता आहे, पण तिथे तासन्तास बसून काय करायचं असं त्याच विचारतायत.

दूरदर्शी
त्यांना एक पाठीची खुर्ची आणि डोक्यावर सावली मिळाली तर त्यांचा दिवस तुमच्यापेक्षा छान जाईल, मी माझ्या आईला असं नेलंय, मला माहितीये. वारा कुठून येतोय ते बघून बसवा, नाहीतर तुषारांनी अर्ध्या तासात भिजून गारठतात, एखादी शाल आणि पातळ रेनकोट असू द्या.

करायला काय, तर एक गंमत आहे, आजी आणि नात दोघींनी मिळून करायची. पडणाऱ्या पाण्याच्या मधोमध एक जागा धरायची आणि नजर न हलवता मिनिटभर तिथेच बघत राहायचं, पाण्याबरोबर डोळे खाली जाऊ द्यायचे नाहीत. मग पटकन बाजूच्या कोरड्या खडकाकडे बघायचं. खडक वर सरकताना दिसतो. जागचा हलत तर नाही, पण वर जातोय असं स्पष्ट दिसतं. रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यावर हे बघितलं आणि १८३४ मध्ये लिहून ठेवलं, त्यावरूनच पुढे या भासाला धबधब्याचं नाव पडलं. मेंदूतल्या ज्या पेशी खाली जाणारी हालचाल टिपतात त्या एकसारखं बघून थकतात, मग स्थिर गोष्ट दिसली की वरची हालचाल टिपणाऱ्यांचं पारडं जड होतं. फोटोत हे येत नाही, तिथे बसलेल्यालाच मिळतं.

लेकीसाठी अजून एक. पाणी वरून पडून आपटतं तेव्हा त्याची ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे खालचं पाणी वरच्यापेक्षा किंचित कोमट असायला हवं. जूल नावाच्या शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये नायगाराबद्दल हे गणित मांडलं होतं. हिशोब केला तर साधारण ४२७ मीटर पडल्यावर एक अंश सेल्सिअस वाढतो, म्हणजे नायगाराच्या पन्नासेक मीटरला एक अष्टमांश अंशसुद्धा जेमतेम. साध्या थर्मामीटरवर काही कळणार नाही आणि वाटेत बाष्पीभवनाने पाणी थंडही होतं, पण पाणी पडून तापतं हे ऐकल्यावर आठ वर्षांचं पोर गप्प बसणार नाही.

आणि तुम्ही आवाजाचं लिहिलंय ना, ते मला फार लागलं. पाच मिनिटं डोळे मिटून बसा सगळे. सुरुवातीला नुसता एक गोंगाट वाटतो, मग त्यात थर सुटे व्हायला लागतात, खालचा घुमणारा, मधला सळसळता, बाजूच्या खडकावरून ठिबकणाऱ्याचा वेगळाच.

रानमळा
कातळदादांनी दगड सांगितले, मी हिरवं सांगते. तुषार जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत एक वेगळाच पट्टा असतो, मॉस, नेची, खडकाला चिकटलेले हिरवे पापुद्रे, आणि वीस पावलं बाजूला गेलात की ते एकदम संपतं. ती सीमारेषा शोधायला लेकीला सांगा. पानं तोडू नका आणि मॉसवर पाय देऊ नका, ते भरून यायला फार वेळ लागतो.

वर बघत राहा, पाकोळ्या असतील. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर इग्वासूला एक जातीची पाकोळी चक्क पाण्याच्या पडद्यामागच्या कड्यावर राहते, पाण्यातून सुळकन आत जाते. तुमच्याकडे तसं नसेल कदाचित पण कड्याच्या कपारीत घरटी असू शकतात.

बाकी दुपारी ऊन तापलं की धबधबा सोडा आणि नदीच्या कडेने खालच्या अंगाला निघा. गर्दी पॉइंटवरच असते, पहिल्या वळणानंतर कोणी नसतं. शेताच्या बांधावरूनच चाला, पिकातून नको, फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, आणि कोणी काम करताना दिसलं तर जायला विचारा. विचारणाऱ्याला माणसं आपणहून सांगतात की पाणी कुठवर चढतं, जुनी वाट कुठे होती, कुठला उतार टाळायचा. मला सगळ्यात चांगल्या जागा अशाच कळल्यात.

भरपूर_पाणी
मी थोडं वेगळं म्हणेन. एवढं सगळं ठीक, पण धबधबा बघायचा तर तो फुल फोर्समध्ये असतानाच, पाणी कमी असेल तर जाण्यात अर्थ नाही. आठवडाभर पुढे ढकला आणि मोठा पाऊस झाल्यावर जा.

कातळ
मला नाही पटत हे. पूर असताना फक्त पांढरं दिसतं आणि जवळही जाता येत नाही. पाणी कमी असताना कडा दिसतो, थर दिसतात, मागची कपार दिसते. १९६९ मध्ये नायगाराच्या अमेरिकन बाजूचं पाणी खडक तपासायला काही महिने मुद्दाम अडवलं होतं, तेव्हा तो सुका कडा बघायला लोक लोटले होते. आणि नायगाराला एरवीही १९५० च्या करारानुसार ठरवूनच पाणी सोडतात, पर्यटकांच्या वेळेत सेकंदाला किमान १,००,००० घनफूट, बाकीच्या वेळी निम्मं, राहिलेल्यावर वीज करतात, तरी कोणाला ते कमी वाटत नाही. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना पावसाच्या मागे लागू नका, पायवाटताई, तुमची ठरलेली तारीखच बरोबर आहे.

पायवाट
जाऊन आलो, सांगायला उशीर झाला. तोंड पूर्वेला होतं म्हणून पहाटे निघून साडेसातला पोचलो, पॉइंटवर आम्ही चौघंच. धनुष्य आठच्या सुमाराला आलं आणि सूर्य चढत गेला तसं खरंच खाली उतरत गेलं, लेक बोटाने दाखवत राहिली आता त्या दगडाशी, आता त्या झुडपाशी, सव्वादहापर्यंत घळीत गेलं आणि मग दिसेना.

सासूबाई खुर्चीवर तीन तास बसल्या. खडक वर जाताना त्यांना पहिल्याच वेळी दिसला, मला चौथ्यांदा, नवऱ्याला दिसलाच नाही, तो सारखा पाण्याबरोबर डोळे हलवत होता. त्यांनी नंतर तिथे आलेल्या दोन अनोळखी बायकांनाही बसवून करायला लावलं.

पाण्यात लेक खाली वळणाच्या पलीकडे खेळली, घोट्याएवढ्या पाण्यात, मी तिच्या खालच्या बाजूला उभी होते. रांजणखळगा सापडला एक, आत तीन गोटे. तिने ते काढून हातात घेतले, मोजले आणि परत ठेवले.

आवाज आता आठवतोय. वर कड्याशी तो छातीत लागतो, बोलायला कानाशी जावं लागतं. खाली नदीने वळण घेतलं की डोंगर मध्ये येतो आणि तो एकदम विझल्यासारखा होतो, तिथे मग पक्षी ऐकू यायला लागतात. परत येताना आम्ही त्या वळणावर तीनदा पुढे मागे करून तेच ऐकलं.