सूर नाही म्हणून भजनात तोंड मिटून बसायचं?

खाडीपलीकडची
चतुर्थी तोंडावर आलीय, वाडीत भजनाच्या तालमी सुरू झाल्यात. काल ग्रुपवर मेसेज आला: "ज्यांना देवाने गळा दिला नाही त्यांनी झांज वाजवावी, कोरसात तोंड घालू नये. सूर मेहनतीने येत नाही, तो जन्माला येतानाच घेऊन यावा लागतो." खाली अकरा जणांनी हात जोडले. मला गप्प बसवेना, म्हणून इथे लिहितेय.

माझे वडील आयुष्यभर रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला गेले. संध्याकाळी आंघोळ करून जेवणाआधी भजनाला बसायचे. त्यांच्या अभंगांच्या वहीचा पुठ्ठा तेलकट होऊन काळा पडलाय. प्रत्येक ओळीत जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने टिंब काढलंय. काही टिंबं खोडून पुढे सरकवलीत, कारण दम आधीच संपायचा. तीस वर्षं हे चाललंय. सूर पूर्ण लागत नाही हे त्यांनाही माहीत आहे. काल मेसेज वाचून त्यांनी ती वही ट्रंकेत ठेवली, काही बोलले नाहीत. आवड असायला आधी कुणाचा दाखला लागतो का?

पखवाजवाला
तो मेसेज माझा आहे आणि मी तो मागे घेणार नाही. तुमच्या वडिलांचं नाव मी घेतलेलं नाही.

कोरस म्हणजे काय ते आधी समजून घ्या. बुवाने, म्हणजे मुख्य गाणाऱ्याने, सोडलेली ओळ उचलायची आणि तशीच त्याच्या हातात परत द्यायची. उचलताना ती अर्ध्या सुराने खाली आली, की बुवा पुढे कुठे उभा राहणार? गेल्या वर्षी डबलबारीत, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, आमची बारी अशीच गेली. समोरच्या बुवाने गजरातच ते पकडलं आणि भर मांडवात बोलून दाखवलं. वर्षभर रात्री जागवून बसवलेलं दहा मिनिटांत मातीत गेलं. मी बावीस वर्षं पखवाज वाजवतोय, बोटांची सालं गेलीत. मलाही आवड आहे, म्हणूनच बोलतो.

चाकरमानी
पखवाजवाल्यांचं म्हणणं पुराव्याला धरून आहे. दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो, हे गणित सगळे सांगतात, ते १९९३ च्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासावरून निघालं. पण २०१४ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा संगीतात माणसामाणसांतला जो फरक दिसतो त्यातला सुमारे २१ टक्केच सरावाने उलगडला. बाकीचं दुसरं काहीतरी आहे.

आंगणेवाडी रोड
आकडे बाजूक ठेव. माझो गळो बरो नाय, माका ठावक असा. पण गणपती माझ्या घराकडे, पाट मी मांडलंय, आणि तेच्यापुढे मीच गाऊचा नाय? ह्यो खयचो न्याय?

चाकरमानी
घरी गायला कोण अडवतंय? प्रश्न मंडळाचा आहे.

आंगणेवाडी रोड
मंडळ घराघरांतूनच उभा रवला ना? तू मुंबयतसून पाच दिवस येतंस आणि आमका नियम शिकवतंस.

पेटी मास्तरीण
सगळे गळ्यावर बोलताय, पट्टीबद्दल, म्हणजे सा किती उंच धरायचा याबद्दल, कुणीच बोलत नाही. मी शाळेत गाणं शिकवते. सूर मुळातच ओळखता न येणारी माणसं असतात, पण अभ्यासांचे अंदाज शंभरात साधारण चारापर्यंतच जातात. बाकीच्यांना सूर नीट ऐकू येतो, गळ्यातून तो काढायची सवय नसते. आणि आपण त्या गळ्याला करायला काय लावतो? शास्त्रीय गाणारे बरेच पुरुष पेटीच्या काळी एकच्या आसपास सा धरतात. आमच्याकडचा बुवा त्याहून चार स्वर वर, पांढरी चारला बसतो. तार सप्तकातली ओळ आली की पन्नाशीचा माणूस एकतर ओरडतो, नाहीतर खाली घसरतो. मग आपण म्हणतो, याला देवाने गळा दिला नाही. काळी एकला बसवा आणि मग ऐका.

पखवाजवाला
मास्तरीणबाई, पेटी स्केल चेंजर असली की पट्ट्या सरकवून मोकळं होता येतं. पखवाजाचं काय? माझी पुडी, तोंडावरचं कातडं, पांढरी चारची आहे. चार स्वर उतरवायचे तर गठ्ठे सरकवून पुडी ताणणाऱ्या वाद्या इतक्या ढिल्या कराव्या लागतील की थाप बसणारच नाही. उंच पट्टी हा माज नाही. मांडवात पाचशे माणूस बसलेलं असतं, त्याला जाग ठेवावी लागते.

पेटी मास्तरीण
पाचशे माणसाला ऐकू जावं म्हणून माईक आहे ना? आता तर स्पीकरच्या भिंती लावता. तरी पट्टी चढतेच आहे, कारण समोरचा बुवा चढलाय. ही चढाओढ बाऱ्यांनी आणली, घरगुती भजनात तिचं काम काय? पांढरी एकला सा धरलात तर तुमचा पखवाज मध्यमात बसेल, पुडी बदलायची गरज नाही.

पखवाजवाला
मध्यमातला पखवाज पंचमावर जोर असलेल्या अभंगात टोचतो. तुम्हाला टोचत नसेल, मला टोचतो. आणि डबलबारीला नावं ठेवू नका. आज पोरं मोबाईल सोडून पखवाज शिकतात ती बारी बघून. तुमच्या शाळेच्या गाण्याने किती शिकली?

पेटी मास्तरीण
हे बोलणं बरं नाही. माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. "तू नको गाऊस" हे आधीच कुणीतरी सांगितलेली सात-आठ दर वर्षी त्यांत असतात. ती ओठ हलवतात, आवाज काढत नाहीत. त्यांचे ओठ उघडायला मला सहा महिने लागतात.

तांडेलाचा मुलगा
मूळ प्रश्नावर येतो. आवडीचं कौतुक करणाऱ्यांनी माझं ऐका. माझा भाऊ दशावतारात गेला. उंची नाही, आवाज नाही, आणि तिथे लिहिलेली संहिता नसते, रंगमंचावर उभं राहून बोलणं सुचावं लागतं. त्याला सुचायचं नाही. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात. तेव्हापासून पावसापर्यंत रात्री बाहेर, दिवसा झोप. होडीतला वाटा सोडला. नऊ वर्षांत किरकोळ पार्टाच्या वर गेला नाही. आईच्या पाटल्या गेल्या. वहिनी काजूच्या कारखान्यात बिया फोडते, चिकाने तिच्या बोटांची कातडी काळी पडलीय. पहिल्या वर्षीच कुणी त्याला स्पष्ट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सगळे पाठ थोपटत राहिले.

खाडीपलीकडची
दादा, वाचून वाईट वाटलं. वहिनीच्या हातांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. पोट ज्यावर चालायचं तिथे खरं सांगायलाच हवं, हे मान्य करते. पण माझ्या वडिलांनी भजनासाठी एक दिवस रापण चुकवली नाही. त्यांना बुवा व्हायचं नाही, बारी जिंकायची नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

तांडेलाचा मुलगा
हो, ते वेगळं आहे. पण भाऊ अजूनही जातो. परवा पेटाऱ्यापाशी बसून तोंडाला रंग लावत होता, मी मागे उभा होतो. तेवढा शांत तो घरी कधीच दिसत नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

चाकरमानी
मी दिलेला आकडा माणसांच्या कौशल्यातल्या फरकाबद्दल आहे, आरतीनंतरच्या भजनात कुणी गावं याबद्दल नाही. एवढं कबूल.

आंगणेवाडी रोड
आता कसो बोललस.

पखवाजवाला
बारीच्या कोरसात मी सूर नसलेल्या कुणालाही घेणार नाही, ते मी म्हणेन तेच राहील. घरगुती भजनाचं बघू. चुलत्यांचा जुना पखवाज माळ्यावर आहे, मोठ्या तोंडाचा, तो काळी एकला उतरायचा. पुडी उंदरांनी खाल्ली नसली तर कणीक मळून लावून बघतो. वाजला तर पाचव्या दिवशी तुमच्याकडे त्या पट्टीत दोन अभंग घेऊ. दोनच. वडिलांना विचारा, त्यांचा सा कुठे लागतो.

खाडीपलीकडची
विचारलं. म्हणाले, तीस वर्षांत हे कुणी विचारलंच नाही, बुवा लावेल तिथे लावायचा. मास्तरीणबाई, उद्या दुपारी पेटी घेऊन येता का? काळी एकपासून एकेक खाली उतरत बघू.