टीबीची चाचणी रक्ताची करून घ्या

ज्या ताईंनी विचारलंय की बी.कॉम. होऊन १५ वर्षं झाली, आता इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) चा कोर्स झेपेल का, त्यांना सांगते: झेपेल. मी ४१व्या वर्षी सुरू केलं. प्रवेशाच्या अटी कॉलेजागणिक वेगळ्या असतात. आमच्याकडे अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे गुण आणि टीज या नर्सिंग प्रवेश परीक्षेचा स्कोअर बघितला, जुन्या पदवीचं कुणी फारसं विचारलं नाही.

एक मात्र आपल्या लोकांनी आधीच बघा. क्लिनिकलआधी, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष कामाआधी, लसींचे दाखले, बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं) कार्ड आणि टीबीची चाचणी लागते. लहानपणी बीसीजी (टीबीची लस) टोचलेली असेल तर त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात दोन दिवसांत टरारून फुगला, मग एक्स-रे, कागदपत्रांची धावपळ, आणि क्लिनिकलला उरले चार दिवस! रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, तीच मागा.

अभ्यास साधारण वर्षभराचा, पण दमवणारा. सकाळी साडेसहाला नर्सिंग होममध्ये हजर. पहिल्याच दिवशी एका आजींचं बीपी घेताना मला काही ऐकूच येईना. हात थरथरत होता. त्यांनीच स्टेथोस्कोपची चकती कोपराच्या आतल्या बाजूला सरकवली नि म्हणाल्या, "इथे बघ, बाळा." आणि ठोके ऐकू आले. त्या आजींची आठवण अजून येते.

शेवटी एनक्लेक्स-पीएन, म्हणजे एलपीएनच्या परवान्याची संगणकावरची परीक्षा. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. ८५ला संगणक थांबला तर घाबरू नका, माझाही तिथेच थांबला होता, आणि मी पास झाले.