क्लाउडमधल्या दोन व्हीएम एकमेकींशी बोलत नाहीत: तुमचे अनुभव लिहा

दोन्ही व्हीएम (आभासी मशीन) चालू, तरी एकीवरून दुसरीपर्यंत काही पोचत नाही. अशा वेळी कारण काय निघालं, आणि मुख्य म्हणजे ते कशावरून कळलं, ते लिहा. नुसतं 'फायरवॉल होता' नको.

सुरुवात मी करते. एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचा क्लाउड) सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे व्हीएमच्या फायरवॉलमध्ये, आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) वेगळं उघडावं लागतं, म्हणून पिंगवर मी विसंबत नाही. थेट पोर्टवर एनसी (पोर्टला जोडून पाहणारी कमांड) मारते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं की हायसं वाटतं, कारण पॅकेट बहुधा पोचलेलं असतं. तसं आलं तेव्हा आमचा पोस्टग्रेस (डेटाबेस) फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरतं, ऐकत होता. टाइमआउट आला तर मात्र वाटेत कोणीतरी पॅकेट गिळतंय.

*

आमचा टाइमआउटच होता. दोन्ही टोकांना टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला. पलीकडे सिन (कनेक्शनची पहिली विनंती) पोचत होतं, सिन-अॅक (तिचं उत्तर) निघतही होतं, पण इकडे येत नव्हतं. सिक्युरिटी ग्रुप परतीचं पॅकेट आपोआप सोडतो, सबनेटचा (नेटवर्कच्या एका भागाचा) एनएसीएल, म्हणजे त्याच्या सीमेवरची नियमांची यादी, सोडत नाही. त्यात बाहेर जायला १०२४ ते ६५५३५ पोर्ट उघडले आणि लगेच सुरू झालं.

*

पीअरिंग (दोन खासगी नेटवर्कची थेट जोडणी) झालेलं, राउट (रस्त्याची नोंद) एकाच बाजूच्या टेबलात. दुसरीकडे टाकला, मिटलं.

*

आमच्याकडे एसएसएच लॉगिन व्हायचं, पण मोठी फाइल उघडली की स्क्रीन गोठायची. मध्ये दोन क्लाउडना जोडणारा व्हीपीएन. डीएफ बिट ('पॅकेटचे तुकडे करू नका' ही खूण) लावून पिंग केलं: १३७२ बाइट जातात, १४७२ जात नाहीत. 'तुकडे करा' सांगणारा आयसीएमपी संदेशच वाटेत अडवलेला, त्यामुळे पाठवणाऱ्याला पत्ताच नाही. गेटवेवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी केला. हा प्रकार फार छळतो, कारण छोट्या चाचण्या सगळ्या पास होतात.

*

एकाच व्हीएमला १७२.१७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांशी बोलता येईना. 'आयपी राउट गेट' दिलं तर रस्ता डॉकर० कडे, म्हणजे डॉकरच्या (कंटेनर चालवणारं साधन) आतल्या नेटवर्ककडे! डॉकरचा ब्रिज मुळात १७२.१७.०.०/१६ घेतो आणि आमचं सबनेट त्यातच होतं. डॉकरची रेंज बदलली.

*

जेवून आल्यावर पहिलीच क्वेरी लटकायची, नंतर सगळं सुरळीत. गूगल क्लाउडचा फायरवॉल १० मिनिटं शांत असलेलं कनेक्शन विसरतो. लिनक्सचा कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनवर अधूनमधून जाणारं छोटं पॅकेट) मूळ सेटिंगला ७२०० सेकंदांनी जागा होतो. आम्ही तो ३०० वर आणला. कनेक्शन पूल (उघडी ठेवून पुन्हा वापरायची कनेक्शनं) वापरणाऱ्यांनी हे आधी तपासा.