छोट्यांच्या वर्गातली थंडी: तुम्ही काय काय करता, लिहा ना

कोथरूडला एका प्लेग्रुपमध्ये दीड ते तीन वर्षांची पोरं असतात माझ्याकडे, हे सातवं वर्ष. डिसेंबर आला की कापसाचा स्नोमॅन चिकटवायचा हे ठरलेलं असायचं, मीही तीन-चार वर्षं केला. मग एकदा सव्वादोन वर्षांच्या एका मुलीनं तो कापूस उचलून सरळ कानात घातला, कारण तिची आजी थंडीत रोज तसा बोळा घालते. बर्फ तिनं कधी बघितलाच नव्हता, कानातला बोळा मात्र रोजचा. तेव्हापासून मी घरात नि अंगणात जी थंडी दिसते तेवढीच वर्गात आणते.

सगळ्यात जास्त चाललं ते खोबरेल तेल. सकाळी साडेनऊला बाटली पांढरी घट्ट, ती खिडकीत उन्हात ठेवायची आणि बस, पोरं स्वतःच दर पाच मिनिटांनी जाऊन बघतात, उलटी करतात, हलवून कानाला लावतात. हे तेल २४-२५ अंशांना वितळतं, आणि आपल्याकडे जानेवारीत पहाटे १०-१२ तर दुपारी २९-३० होतं, त्यामुळे एका सकाळीत सगळं डोळ्यांसमोर घडतं. मग तळहातावर एकेक थेंब. गालाला, गुडघ्याला, बाहुलीला, ताईच्या नाकाला. घट्ट, पातळ, गार, कोमट हे शब्द मी कधी वेगळे शिकवले नाहीत.

शिकवत असाल, घरी पिल्लू असेल, आजी-आजोबा असाल, सगळ्यांनी लिहा. फसलेलं पण लिहा प्लीज.

*

सिंहगड रोडवरच्या डेकेअरमध्ये आहे. आमचा हिवाळा म्हणजे मटार. शेंग दाबली की टक् वाजते आणि आत दाणे रांगेत बसलेले, दोन वर्षांचं मूल एका शेंगेशी दहा मिनिटं रमतं, चिमटीचा व्यायाम होतो तो वेगळाच. पण ताई, फसलेलं विचारलंत म्हणून सांगते, एका मुलानं दाणा नाकात घातला आणि मी पाठ फिरवलेली होती. डॉक्टरांकडे जाऊन निघाला, पण त्या अर्ध्या तासाची आठवण आली तरी अजून पोटात गोळा येतो. आता एका वेळी चारच मुलं, एक मोठं माणूस समोर बसलेलं, आणि दाणे लगेच पातेल्यात. खायला उकडून, चेचून. अख्खे शेंगदाणे-फुटाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात, संक्रांतीच्या दिवसात पाहुणे कौतुकानं हातावर ठेवतात तेव्हा स्पष्ट नाही म्हणायचं.

*

आई आहे, टीचर नाही. मुलगी पावणेदोनची असताना घरी बोरन्हाण केलं, हलव्याचे दागिने, काळं झबलं, सगळी तयारी, आणि डोक्यावर बोरं पडायला लागल्यावर ती जी रडली ती थांबेचना. पुढच्या वर्षी तिच्या प्लेग्रुपमध्ये फार छान केलं त्यांनी. बोरं, उसाचे करवे बाजूला ठेवून फक्त चुरमुरे, आधी बाहुलीचं बोरन्हाण, मग मुलांनी ताईंच्या डोक्यावर ओतले, आणि मग ज्याला हवं त्यानं खाली बसायचं. माझी बसली! नंतर सांडलेले चुरमुरे वाटीनं डब्यात भरायचा खेळ अर्धा तास चालला. हलव्याचे दागिने फोटो झाला की लगेच काढून ठेवले, दोरा तुटला तर दाणे तोंडात जातील म्हणून.

*

मी भूगोल शिकवायचो, आता रिटायर्ड, औंधला नातवाला घेऊन बागेत जातो. आमचा खेळ सावलीचा. २१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४८ अंशांवरच असतो, म्हणून साडेबाराच्या सुमाराला सावली जवळपास आपल्या उंचीएवढी पडते, आणि मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस तीच सावली थेट पायाखाली जाते. अडीच वर्षांच्या मुलाला अंश सांगायचे नसतातच. मी खडूनं त्याची सावली आखतो, तो तिच्यात आडवा झोपून बघतो मावतो का. सकाळी नऊला मावून वर खूप उरते, दुपारी बरोब्बर बसतो. तिथे एक करडा धोबी पक्षी पण येतो थंडीत, शेपटी सारखी वरखाली करत चालतो, मग आम्ही दोघंही तसंच चालतो.

*

बुचाची फुलं कोणीच कसं नाही लिहिलं!! नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी आमच्या फाटकापाशी सडा असतो, लांब दांड्याची पांढरी फुलं आणि तो वास. मुलं वेचतात, परातीतल्या पाण्यात सोडतात, देठ एकमेकांत अडकवायचं त्यांना जमत नाही ते मावशी करून देतात. बर्फ मी फक्त एकाच प्रकारे वापरते, वाटीत पाणी आणि बुचाचं फूल रात्री फ्रीझरला, दुसऱ्या दिवशी अकरानंतर उन्हात ठेवायचं. नऊ वाजता अजिबात नाही, बोटं गारठतात. बदामाची लाल झालेली पानं पण गोळा करतो, मोठं-छोटं लावतो, वरून चालतो. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये समुद्राकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ सोबत होत्या, त्यांचं साहित्य म्हणजे पानं, बिया, शंख-शिंपले. मला तयार वर्कशीटांपेक्षा ते कायम जवळचं वाटत आलंय.

*

थोडक्यात लिहिते. आमच्याकडे स्वेटर काढणं हीच ॲक्टिव्हिटी. सकाळी तीन थर घालून येतात, अकराला घामाघूम. घाई न करता एकेकाला चेन ओढू देतो, कानटोपी स्वतःच्या खुंटीवर अडकवायची, वीस मिनिटं जातात, जाऊ देत. आणि आरशासमोर एक टेबल, तिथे स्वतःचं नाक स्वतः पुसायचं.

*

वाचून आज बाटली खिडकीत ठेवली घरी. रात्री नात विचारत होती, आजी, तेल झोपलं का? सकाळी बघू म्हटलं.