फिलिपिनो ग्राहकासाठी काय बदलायचे : जाहिरातीची भाषा की विक्रीची रीत?

दर्याकाठ (धागाकर्ता)

मनिलातील ग्राहकांसाठी ऑनलाइन जाहिराती करण्याचे काम मी पुण्यातून करतो. माझे ठाम मत असे आहे की फिलिपिन्समध्ये जाहिरातीची नुसती भाषा बदलून फारसे काही साधत नाही. विक्रीची रीतच बदलावी लागते. एका कंपनीसाठी आम्ही इंग्रजी मजकूर टॅगलिशमध्ये, म्हणजे टॅगालोग आणि इंग्रजीच्या सरमिसळीत, करून घेतला, ‘बेस’, ‘मुमशी’ अशी मैत्रिणींतली संबोधने त्यात पेरली, आणि जाहिरातीवर टिचकी मारताच कंपनीचे संकेतस्थळ उघडेल अशी सोय केली. संकेतस्थळाकडे फारसे कोणी फिरकले नाही. मेसेंजरवर मात्र एकच प्रश्न साचत गेला : ‘हाउ मच पो?’ त्यातला ‘पो’ समोरच्याचा मान राखण्यासाठी येतो, आपल्या ‘अहो’सारखा. आम्ही लावून ठेवलेल्या ठरावीक उत्तरात किंमतही नव्हती आणि ‘पो’ही नव्हता. कोणी अदबीने काही विचारावे आणि आपण त्याला नुसता दुवा पाठवावा, हे कोणत्याही दुकानात शोभले नसते.

तिथला बाजार समजून घ्यायचा असेल, तर फेसबुकवरची रात्रीची थेट विक्री पाहावी. विक्रेती एकेक ब्लाउज कॅमेऱ्यासमोर धरते, माप आणि क्रमांक सांगते, शिवण उलटून दाखवते, आणि जिची ‘माइन’ ही टिप्पणी सर्वांत आधी पडते तिच्या नावावर तो ब्लाउज लागतो. मग मेसेंजरवर हिशेब होतो. पैसे जीकॅश या मोबाइल पाकिटावरून येतात किंवा माल घरी आल्यावर रोख मिळतात. ‘माइन’ लिहून नंतर गायब होणाऱ्यांना ‘जॉय मायनर’ असे नावच पडले आहे. गल्लीतल्या सारी-सारी दुकानात शाम्पूची एकच पुडी किंवा थोडासा ‘लोड’, म्हणजे मोबाइलचे रिचार्ज, घेताना जे बोलणे होते, तेच इथे पडद्यावर चालते. तिथे बांधलेल्या गिऱ्हाइकाला ‘सुकी’ म्हणतात, आणि दुकानदारही गिऱ्हाइकाचा सुकीच असतो. कंपनीने टॅगलिश शिकण्याआधी सुकी जोडायला शिकावे.

कोरा कागद

निरीक्षण मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही ज्याला संस्कृती म्हणता, त्यातला मोठा भाग मोबाइल कंपन्यांच्या दरपत्रकाने घडवलेला आहे. ग्लोब या तिथल्या मोबाइल कंपनीने 2013 मध्ये ग्राहकांना फेसबुक फुकट दिले, 2015 मध्ये स्मार्ट या दुसऱ्या मोबाइल कंपनीच्या साथीने फेसबुकची मोफत मोजक्या संकेतस्थळांची योजना तिथे आली, आणि आजही ठरावीक ॲपपुरता डेटा देणारी स्वस्त पाकिटे तिथे विकली जातात. ज्याच्या लोडमध्ये फक्त फेसबुक आणि मेसेंजर बसते, त्याने तुमचे संकेतस्थळ उघडावे कसे? भारतात फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, असे भेदभावाचे दर रोखले, म्हणून आपल्याकडची वाट वेगळी झाली. गरजेपोटी पडलेल्या सवयीला स्वभाव म्हणायचे आणि त्या बेताने जाहिराती आखायच्या, हे मला पटत नाही.

दर्याकाठ

दराचा परिणाम मी नाकारत नाही. पण बोलून व्यवहार करण्याची सवय फेसबुकच्या आधीची आहे. जानेवारी 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांच्याविरुद्ध मनिलातल्या एड्सा रस्त्यावर जी गर्दी लोटली, तिच्या जमण्यात मोबाइलवरच्या लघुसंदेशांचा फार मोठा वाटा होता. तेव्हा फेसबुकचा जन्मही झाला नव्हता.

दावाओतला पालक

माझी मुलगी फिलिपिन्सच्या दक्षिणेतल्या दावाओला वैद्यकीय शिक्षण घेते, त्यामुळे वर्षातून एकदा तरी माझे तिकडे जाणे होते. आपण दोघेही ‘फिलिपिनो’ म्हणत मनिलाबद्दलच बोलत आहात. दावाओच्या बाजारात आणि सेबूमध्ये कानावर पडते ती बिसाया भाषा. ‘पो’ हा टॅगालोगचा शब्द आहे, बिसायात तो नाही. तिथल्या माणसाला टॅगलिश जाहिरात कळते, पण ती राजधानीतून आलेली आहे हेही त्याला लगेच कळते.

दुसरी गोष्ट किमतीची. ‘किंमत खासगीत विचारा’ ही पद्धत रीत म्हणून गोंजारू नये. 1992 च्या तिथल्या ग्राहक कायद्यानुसार मालावर किंमत लावणे बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन विक्रेत्यांनाही ते लागू आहे असे तिथल्या व्यापार खात्याने वारंवार बजावले आहे. माणूस पाहून भाव सांगण्याची सोय त्या खासगी निरोपात असते. महिनाअखेरीस हिशेबाने पैसे पुरवणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा त्रास किती होतो, ते मी मुलीच्या खोलीवर पाहिले आहे.

कोरा कागद

हाच माझा मुद्दा आहे. बाहेरचे लोक आपुलकीचा देखावा करून टाळ्या मिळवतात, याला फिलिपिनोंनी स्वतःच ‘पिनॉय बेटिंग’ हे नाव दिले आहे. परदेशी यूट्यूबर फिलिपिन्सची स्तुती करतो ती प्रेक्षकसंख्येसाठी, हे तिथल्या तरुणांना नीट ठाऊक आहे. जवळिकीचा दावा केला की जबाबदारीही वाढते. 2023 मध्ये पर्यटन खात्याच्या ‘लव्ह द फिलिपिन्स’ मोहिमेच्या चित्रफितीत इंडोनेशियाची भातखाचरे आणि दुबईचे वाळवंट निघाले. जाहिरात संस्थेला जाहीर माफी मागावी लागली आणि तिचे कंत्राट गेले. ती मनिलातली संस्था होती. मग पुण्यात बसून ‘सुकी’ जोडण्याची भाषा करताना किती जपायला हवे, याचा विचार व्हावा.

दर्याकाठ

किमतीबाबत मी चुकलो होतो, आणि पालकांनी ते योग्य शब्दांत दाखवून दिले. मूळ लेखात मी उत्तराच्या पद्धतीवर बोललो, पण किंमत जाहिरातीतच असायला हवी होती हे लिहिलेच नाही. गेल्या महिन्यापासून आम्ही ती पेसोमध्ये, पोहोचवण्याच्या खर्चासह, चित्रावरच छापतो. तरीही लोक विचारतातच. पण आता ते माप विचारतात, रंग धुण्याने जातो का विचारतात, पगाराच्या म्हणजे 15 तारखेपर्यंत वस्तू बाजूला ठेवाल का असे विचारतात. या प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळावर लिहिता येत नाहीत, ती माणसालाच द्यावी लागतात, म्हणून विक्रीची रीत बदलावी लागते या मतावर मी कायम आहे.

पुण्यात बसून हे जमणार नाही, हा आक्षेपही मी मानतो. रात्रीच्या पाळीला मेसेंजर सांभाळणारी आमची सहकारी सेबूची आहे आणि आजवर आम्ही तिच्याकडून टॅगलिशच लिहून घेत होतो. काल तिला विसाया, म्हणजे सेबूच्या बाजूच्या बेटांच्या, भागासाठीची उत्तरे तिच्या भाषेत लिहायला सांगितले. तिने आमच्या सात ओळींच्या दोनच केल्या, आणि पहिल्या ओळीत किंमत घातली.