नगरपालिकेला पक्षाचं चिन्ह हवंच कशाला?

कृष्णाकाठ
तीस वर्षं मी एकाच चिन्हापुढचं बटण दाबत आलो. या वेळी नगरपालिकेला दाबलं नाही. घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आमच्या प्रभागात एक ताई आहेत. बारा वर्षं पक्षाचं काम करतायत. पाणी आलं नाही की लोक आधी त्यांच्या दारात. पालिकेवर जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर अर्ज घेऊन बसायच्या त्या याच. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांची फाइल तयार होती. शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, सगळं. सूचक म्हणून सही माझी. फक्त पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, यायचा होता. दोन वाजले, फोन नाही. अडीचला कळलं की फॉर्म गेला आठवड्यापूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका गृहस्थाच्या सुनेला. तीनला मुदत संपली.

ताई रडल्या नाहीत. फाइल पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "दादा, उद्या टाकीवर जायचंय, व्हॉल्व्ह बदलणारेत."

प्रभागात एकाही माणसाला कुणी विचारलं नव्हतं. त्या जागेसाठी मी 'नोटा', म्हणजे यांपैकी कुणीच नाही, हे बटण दाबलं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, मग गटार, पाणी आणि दिवे बघणाऱ्या नगरपालिकेची तरी का व्हावी? माझं मत स्पष्ट आहे: चिन्ह काढा, माणूस बघून मत द्या.

बूथवाला
दादा, ताईंवर अन्याय झाला हे मान्य. मीही पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्यात, मला हे नवं नाही. पण तुमचा उपाय पटत नाही.

ग्रामपंचायतीत पक्ष नसतो हे कागदावर. निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष सरपंचांचे आकडे जाहीर करतो, एकच सरपंच दोघांच्या यादीत असतो. चिन्ह काढलं की पक्ष जात नाही, फक्त दिसेनासा होतो. आणि अपक्ष नगरसेवक निकालानंतर कुणाबरोबर बसला, याचा जाब कुणाला विचारणार? पक्षाचा असेल तर पुढच्या वेळी अख्ख्या पक्षाला पाडता येतं. नोटा दाबून तर काहीच हाती लागत नाही.

कृष्णाकाठ
नोटाबद्दल एक सांगतो. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला, स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. त्यामुळे ते मत अगदीच वाया नाही.

दुष्काळी_तालुका
मी बूथवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

माझ्या आईने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. त्या कामांमागे काँग्रेसचे नेते वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना होती, पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या पैशासाठी शहरातल्या नोकरदारावर व्यवसाय कर बसला, तो आजही पगारातून कापला जातो. आता मला सांगा, मुंबईच्या माणसाच्या खिशातून काढून माणदेशातल्या बाईला मजुरी द्यायची, हा निर्णय २८८ सुटे भले माणसं घेतील? प्रत्येकजण आपापल्या मतदारसंघाचं बघेल. त्याला पक्षच लागतो, जो शहरातल्या आमदाराला सांगेल की हात वर कर. "माणूस बघून मत" म्हणताना हे विसरू नका. ताई टाकीचा व्हॉल्व्ह बदलून आणतील, पण टाकीत धरणाचं पाणी किती यायचं ते वर ठरतं.

कृष्णाकाठ
तुमच्या आईंना नमस्कार. हा मुद्दा मला खरंच अडवतो. पण पागे पक्षातलेच होते ना? खालची कल्पना पक्षात वर गेली, ऐकली गेली. आज आमच्या पक्षात खालून वर काय जातं? गर्दीचा आकडा. बॅनरवर साहेबांचा फोटो पुरुषभर आणि प्रभागातली कामं एका ओळीतही नाहीत.

तालुका_कोर्ट
रोग एबी फॉर्मच्या वर आहे. आपल्या मूळ संविधानात राजकीय पक्षांची व्यवस्थाच नव्हती. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीसाठी दहावी अनुसूची आली, तिच्यातून पक्ष आत आला, आणि आला तो व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, घेऊन. आमदाराने व्हिप मोडला तर आमदारकी धोक्यात. आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ मध्ये ती पळवाट बंद केली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उरली.

मग काय झालं ते आपण बघितलं. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. केंद्रीय निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव आणि चिन्ह दिलं ते विधिमंडळातलं बहुमत बघून. म्हणजे पक्ष कुणाचा हे ठरलं आमदारांच्या डोक्यांवर. २०१९ ला रांगेत उभं राहून मत दिलेल्या माणसाला यात कुठे जागाच नव्हती. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही, दोन्हीकडचे अशील माझ्याकडे येतात.

चिन्ह काढू नका. उमेदवार पक्षाच्या नोंदणीकृत सदस्यांनी गुप्त मतदानाने ठरवावा, असा कायदा मागा. जर्मनीत तसा आहे. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क खाली पक्षाची नोंदणी होते, उमेदवार कसा निवडावा यावर एक अक्षर नाही.

ऊसवाली
वकीलसाहेब, सदस्यांचं मतदान म्हणता, कारखान्याची निवडणूक बघितलीय का कधी? मी सभासद आहे. माझे सासरे वारले तरी सात वर्षं यादीत होते. ज्याच्या हातात सभासद यादी, त्याचं पॅनेल. मतदानाच्या आदल्या दिवशी सभासद देवदर्शनाला नेतात, ते थेट केंद्रावर उतरवतात. पक्षात मतदान सुरू झालं की हेच होणार. ताईंच्या समोरचा गृहस्थ आठवड्यात दोन हजार सदस्य करून आणेल. ताई कुठून आणणार?

तालुका_कोर्ट
यादीचा मुद्दा खरा आहे. एवढंच म्हणेन की मतदानाच्या आधी वर्षभर सदस्य असलेल्यालाच मत, आणि यादी उघड हवी. त्याने सगळं थांबणार नाही. पण आज दोन हजार माणसं आणावीही लागत नाहीत, एक फोन पुरतो.

बूथवाला
आतली गोष्ट सांगतो. एबी फॉर्म शेवटच्या तासाला देतात तो मुद्दाम. आधी दिला तर डावललेला बंडखोरी करतो, अपक्ष अर्ज भरतो. तीनला पाच कमी असताना दिला की त्याला वेळच उरत नाही. मीही एकदा असा फॉर्म छातीशी धरून मोटरसायकलवरून पोचवलाय. तेव्हा पक्षाचं काम केलं असं वाटलं होतं. कुणाची तरी ताई तिथेही फाइल घेऊन बसली असेल, हे आज तुमचं वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं.

चिन्हाच्या बाबतीत मत बदललेलं नाही. पण उमेदवार यादी आठ दिवस आधी पक्ष कार्यालयाच्या दारावर लावा, हे मी पुढच्या बैठकीत बोलणार आहे. बंडखोरी होईल तर होऊ दे.

कृष्णाकाठ
बोला नक्की. काय झालं ते इथे कळवा.

परवा नव्या नगरसेविका ताईंकडे आल्या होत्या. मुलगी वयाने लहान आहे, घाबरलेली वाटली. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटतं, कुठल्या वळणाला गळती आहे, याची ताईंनी बारा वर्षं लिहिलेली वही आहे, ती बघायला मागत होती. मला वाटलं होतं ताई देणार नाहीत. त्यांनी तिला शेजारी बसवून पहिल्या पानापासून समजावून सांगितली. वही मात्र स्वतःकडेच ठेवली.